‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’: टू लावायचा की आयएनजी, हा घोळ कसा निस्तरायचा

नोकरीचे अर्ज, कव्हर लेटर, व्हिसासाठीची निवेदनं, क्लायंटला जायच्या ईमेल असं लोकांचं इंग्रजी तपासून देणं हे माझं रोजचं काम. स्पेलिंगच्या चुका हल्ली फारशा सापडत नाहीत, त्या मोबाइलच पकडतो. एक चूक मात्र हटत नाही. जिथे आयएनजी हवं तिथे लोक ‘टू’ लावतात. कोणी टोकलं की घाबरून पुढचे काही दिवस जिथे ‘टू’ हवा तिथेही आयएनजी लावत सुटतात. व्याकरणाच्या भाषेत हा इन्फिनिटिव्ह (‘टू’ लावलेलं रूप) आणि जेरंड (आयएनजी लावून नामासारखं वापरलेलं रूप) यांचा गोंधळ. ही नावं पाठ नसली तरी दुरुस्ती करता येते.

लक्षणं

तुमच्या लिखाणात यातलं काही दिसतंय का ते आधी पाहा.

- “आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू.” ईमेलची शेवटची ओळ. सगळ्यांत जास्त आढळणारं लक्षण.
- “आय एन्जॉय टू रीड.” बायोडेटात, छंदांच्या रकान्यात.
- “आय ॲम इंटरेस्टेड टू जॉइन युवर टीम.”
- “माय सर सजेस्टेड मी टू अप्लाय.”
- “आय स्पेंट टू इयर्स टू लर्न अकाउंटिंग.”
- “आय केम टू पुणे फॉर डू एम.कॉम.”
- “दे मेड मी टू वेट.”
- उलट बाजूचं लक्षण: “आय वाँट टू जॉइनिंग”, “आय डिसाइडेड गोइंग”.

यादीबाहेरचं आणखी एक लक्षण छुपं आहे. वाक्य व्याकरणाने शुद्ध असतं, पण अर्थ भलताच निघतो. “माय फादर स्टॉप्ड टू स्मोक.” लिहिणाऱ्याला सांगायचंय की वडिलांनी सिगरेट सोडली. वाचणाऱ्याला कळतं की वडील चालता चालता थांबले, कशाला, तर सिगरेट ओढायला. दोन्ही रूपं इंग्रजीत बरोबर असल्यामुळे अशा वाक्याखाली बहुतेक वेळा लाल-निळी रेघही उमटत नाही.

बिघाड नेमका कुठे आहे

‘-ायला म्हणजे टू’ हे समीकरण आपल्या डोक्यात शाळेपासून बसलेलं असतं. ‘तो खेळायला गेला’, ‘वेंट टू प्ले’. झालं. ते पुष्कळ ठिकाणी चालून जातं, म्हणूनच इतकं चिवट आहे. पण ‘मला वाचायला आवडतं’ हे एकच वाक्य घ्या. इंग्रजी करताना ‘लाइक’ निवडलंत तर ‘टू रीड’ चालतं. ‘एन्जॉय’ निवडलंत की तेच ‘टू रीड’ चूक ठरतं. मराठी वाक्य तर बदललेलंच नाही! म्हणजे निर्णय ‘-ायला’च्या हातात नाही. तो त्या क्रियापदाच्या डावीकडे जो इंग्रजी शब्द बसलाय, त्याच्या हातात आहे. पुढच्या बहुतेक तपासण्या म्हणजे डावीकडे बघण्याचेच प्रकार आहेत. स्वस्तातलीपासून सुरू करू.

तपासणी 1: डावीकडे प्रिपोझिशन आहे का?

इन, ऑन, ॲट, ऑफ, फॉर, फ्रॉम, अबाउट, बाय, विदाउट, बिफोर, आफ्टर यांपैकी काही असेल तर पुढे आयएनजी. “इंटरेस्टेड इन जॉइनिंग.” “गुड ॲट हँडलिंग कस्टमर्स.” “लेफ्ट विदाउट सेइंग एनीथिंग.” “प्रिव्हेंटेड मी फ्रॉम गोइंग.”

ही तपासणी पहिली, कारण इथे काही पाठ करावं लागत नाही आणि अपवाद अगदी थोडे आहेत. प्रिपोझिशनला पुढे नाम लागतं. क्रियापदाला आयएनजी लावलं की ते नामासारखं वागू लागतं. ‘टू’ लावलेलं रूप त्या जागी बसत नाही. मराठीतही ‘जाण्याबद्दल’, ‘जाण्याआधी’ असंच म्हणतो, ‘जायलाबद्दल’ म्हणत नाही.

अपवादांपैकी दोन लक्षात ठेवण्यासारखे. “आय वॉज अबाउट टू कॉल यू”, म्हणजे फोन करणारच होते. इथला ‘अबाउट’ वेगळा. आणि “देअर वॉज नथिंग टू डू बट वेट”, इथे ‘बट’नंतर नुसतं क्रियापद.

‘इंटरेस्टेड’बद्दल एक गोष्ट. “आय वुड बी इंटरेस्टेड टू नो” हे बरोबर आहे. काही कळून घ्यायचं असेल, म्हणजे नो, हिअर, सी अशी क्रियापदं असतील, तर ‘टू’ येतो. नोकरीत रुजू व्हायचं असेल तर ‘इन जॉइनिंग’च.

तपासणी 2: हा ‘टू’ कुठला?

पहिल्या लक्षणाचं औषध इथे आहे. इंग्रजीत ‘टू’ दोन प्रकारचे. एक क्रियापदाला चिकटलेला, ‘वाँट टू गो’मधला. दुसरा साधा प्रिपोझिशन, ‘गो टू नाशिक’मधला. दिसायला सारखेच. दुसरा असेल तर तपासणी 1 लागू होते आणि पुढे आयएनजी येतं.

ओळखायची चाचणी सोपी आहे. ‘टू’च्या पुढचं सगळं खोडा आणि तिथे ‘इट’ ठेवा. “आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू इट.” नीट लागतं. म्हणजे हा प्रिपोझिशन, म्हणून “लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू”. आता “आय वाँट टू इट” म्हणून बघा. लागत नाही. म्हणून “वाँट टू मीट”.

या चाचणीत पकडले जाणारे नेहमीचे चेहरे: लुक फॉरवर्ड टू, बी यूज्ड टू, ॲकस्टम्ड टू, ऑब्जेक्ट टू, ओपोज्ड टू, कमिटेड टू, डेडिकेटेड टू, इन ॲडिशन टू, विथ अ व्ह्यू टू, व्हेन इट कम्स टू. कंपन्यांच्या माहितीपत्रकांत “वी आर कमिटेड टू प्रोव्हाइड” सर्रास छापलेलं असतं. ‘प्रोव्हाइडिंग’ लिहिलंत तर कुणाचंही बोट उठणार नाही.

‘यूज्ड टू’पाशी जरा थांबायला हवं, कारण इथे दोन वेगळी यंत्रं एकाच खोक्यात येतात. “आय यूज्ड टू गेट अप ॲट फोर” म्हणजे मी पूर्वी चारला उठायचे, आता नाही. “आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप ॲट फोर” म्हणजे चारला उठण्याची मला सवय आहे. मुलाखतीत रात्रपाळीबद्दल विचारल्यावर “आय यूज्ड टू वर्क नाइट शिफ्ट्स” म्हणालात, तर समोरच्याला कळतं की ते आता बंद झालंय. सवय आहे असं सांगायचं असेल तर ‘ॲम’ आणि ‘वर्किंग’ दोन्ही हवेत.

चाचणी पूर्ण बिनचूक नाही. ‘अग्री’ आणि ‘एन्टायटल्ड’ यांच्यापुढे ‘टू इट’ही बसतं आणि “अग्रीड टू पे”, “एन्टायटल्ड टू व्होट” हेच बरोबर असतं. हे दोन वेगळे लक्षात ठेवा. बाकी रोजच्या लिखाणात ती सहसा दगा देत नाही.

तपासणी 3: ‘कशासाठी’चं उत्तर आहे का?

पुण्याला कशासाठी आलात? एम.कॉम. करण्यासाठी. “आय केम टू पुणे टू डू एम.कॉम.” हेतू सांगायचा असेल तर ‘टू’ आणि मूळ क्रियापद. ‘फॉर डू’ तर नाहीच, ‘फॉर डुइंग’ही नाही.

इथे लोक वैतागतात. तपासणी 1 मध्ये ‘फॉर’पुढे आयएनजी सांगितलं आणि आता तेच चूक? रूप बरोबर आहे, पण त्या जागी ‘फॉर’ मुळातच नको आहे. माणूस एखादं काम करण्यासाठी कुठे गेला असेल तर ‘टू’. वस्तूचा उपयोग सांगायचा असेल तर ‘फॉर’ आणि आयएनजी: “अ ब्रश फॉर क्लीनिंग बॉटल्स”. घडून गेलेल्या गोष्टीचं कारण असेल तरीही ‘फॉर’ आणि आयएनजी: “थँक यू फॉर कमिंग”. आणि पुढे नाम असेल तर नुसता ‘फॉर’: “केम फॉर ॲन इंटरव्ह्यू”.

तपासणी 4: डावीकडचं क्रियापद कोणतं?

वरच्या तिन्हींत काही सापडलं नाही तर आता थोडं पाठांतर आहे. त्याला इलाज नाही.

आयएनजी मागणारी: एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, कन्सिडर, सजेस्ट, डिनाय, मिस, प्रॅक्टिस, रिस्क, पोस्टपोन, कीप, इमॅजिन, गिव्ह अप, कान्ट हेल्प. शिवाय काही ठरलेल्या जागा: स्पेंड टाइम, हॅव डिफिकल्टी, बिझी, वर्थ, इट्स नो यूज. “स्पेंट टू इयर्स लर्निंग अकाउंटिंग.” “हॅड डिफिकल्टी अंडरस्टँडिंग हिज ॲक्सेंट.” या ठरलेल्या जागांवर लोक सगळ्यांत जास्त घसरतात, कारण मराठीत ‘समजायला त्रास झाला’ असा ‘-ायला’ समोर उभा असतो.

‘टू’ मागणारी: वाँट, होप, डिसाइड, प्लॅन, प्रॉमिस, रिफ्यूज, ऑफर, एक्स्पेक्ट, अग्री, अफोर्ड, मॅनेज, फेल, प्रिटेंड, टेंड, डिझर्व्ह, हेझिटेट.

यात काही सूत्र आहे का? थोडंफार. ‘टू’ हा मुळात ‘कडे’ या अर्थाचा शब्द. जुन्या इंग्रजीत तो क्रियापदाच्या एका विभक्तीसारख्या रूपाआधी लागायचा, आणि आजचा ‘टू गो’ तिथून आला. त्यामुळे ज्या क्रियापदांची नजर पुढच्या, अजून न झालेल्या कामाकडे असते (वाँट, होप, प्लॅन, प्रॉमिस) ती ‘टू’ घेतात. जी चालू असलेल्या किंवा होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल बोलतात (एन्जॉय, फिनिश, डिनाय, मिस) ती आयएनजी घेतात. अडल्यावर अंदाज बांधायला हे बरं आहे. पण पोस्टपोन आणि सजेस्ट यांची नजरही पुढेच असते आणि तरी ती आयएनजी घेतात, तर मॅनेज म्हणजे काम झालेलंच असतं आणि तिथे ‘टू’ येतो. अर्ज पाठवताना सूत्रावर विसंबू नका, शब्दकोश उघडा.

शब्दकोश म्हणजे इंग्रजी-मराठी नव्हे, लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असत. तिथल्या विद्यार्थ्यांच्या अशाच अडचणी डोळ्यांसमोर ठेवून, कोणत्या क्रियापदापुढे कोणती रचना येते हे दाखवणारा कोश त्यांनी सहकाऱ्यांबरोबर तयार केला. 1942 साली तो टोकियोत निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने काढला. आज आपण ज्याला ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स म्हणतो तो हाच. ‘एन्जॉय’ काढून बघा, अर्थाजवळच ‘डुइंग समथिंग’ असं लिहिलेलं दिसेल. फोनवर फुकट बघता येतो. शब्दाचा अर्थ माहीत असला म्हणून कोश उघडायचा नाही ही आपली सवय इथे नडते; आपल्याला हवी असलेली माहिती अर्थाच्या शेजारी असते.

लाइक, लव्ह, हेट, स्टार्ट, बिगिन, कंटिन्यू यांना दोन्ही चालतं. तिथे दुरुस्ती करत बसू नका. फक्त ‘वुड लाइक’ आलं की ‘टू’च, आणि ‘इट इज स्टार्टिंग रेनिंग’ असे दोन आयएनजी एकापुढे एक कानाला खटकतात, तिथे ‘टू रेन’ घ्या.

तपासणी 5: मध्ये माणूस शिरलाय का?

‘कोणाला तरी काही करायला सांगितलं’ असं वाक्य असेल तर मधल्या माणसामुळे हिशोब बदलतो. टेल, आस्क, वाँट, एक्स्पेक्ट, एन्करेज यांना माणूस आणि मग ‘टू’: “ही टोल्ड मी टू अप्लाय”. अलाऊ आणि अडव्हाइज तर माणूस आहे की नाही यावर रूप बदलतात: “दे डोंट अलाऊ पार्किंग हिअर”, पण “दे डोंट अलाऊ अस टू पार्क हिअर”.

सजेस्ट मात्र मध्ये माणूस घेतच नाही. “सजेस्टेड मी टू अप्लाय” हे दुरुस्त करण्यापेक्षा क्रियापदच बदललेलं बरं: “अडव्हाइज्ड मी टू अप्लाय”. ‘सजेस्ट’च हवा असेल तर “सजेस्टेड दॅट आय अप्लाय”.

मेक आणि लेट यांना माणूस चालतो, ‘टू’ चालत नाही: “दे मेड मी वेट”, “लेट मी नो”. कर्मणी प्रयोग केला की ‘मेक’चा ‘टू’ परत येतो: “आय वॉज मेड टू वेट”. हेल्पला ‘टू’ असला तरी चालतं, नसला तरी.

तपासणी 6: दोन्ही बरोबर, पण अर्थ वेगळा

ही सगळ्यांत अवघड समजली जाते, आणि गंमत म्हणजे मराठी माणसाला हीच सोपी जायला हवी. इतका वेळ मराठीकडे बघू नका म्हणत होते, इथे बघा. हा फरक आपण मराठीत रोज करतो.

‘चहा प्यायला थांबले’: “स्टॉप्ड टू ड्रिंक टी”. ‘चहा प्यायचं थांबवलं’: “स्टॉप्ड ड्रिंकिंग टी”.

‘गोळी घ्यायला विसरले’: “फरगॉट टू टेक द पिल”. म्हणजे घेतलीच नाही. ‘गोळी घेतल्याचं विसरले’: “फरगॉट टेकिंग द पिल”. म्हणजे घेतली, पण लक्षात नाही, आणि कदाचित दुसरी घेतली जाईल. ‘दार लावायचं लक्षात ठेव’ आणि ‘दार लावल्याचं आठवतंय’ यांतही तेच: “रिमेंबर टू लॉक”, “रिमेंबर लॉकिंग”. ‘कळवायला खेद होतो’: “रिग्रेट टू इन्फॉर्म यू”. ‘नोकरी सोडल्याचा पश्चात्ताप होतो’: “रिग्रेट लीव्हिंग द जॉब”. विसरणं, आठवणं, पस्तावणं या तिघांपुरता ताळा असा: मराठीत ‘-ल्याचं’ किंवा ‘-ल्याचा’ येत असेल तर आयएनजी, ‘-ायला’ किंवा ‘-ायचं’ येत असेल तर ‘टू’. ‘थांबणं’ याला हा ताळा लावू नका. तिथे वरची जोडीच लक्षात ठेवा.

ट्रायसाठी वेगळी खूण. ‘करून बघा’ असेल तर आयएनजी: “ट्राय रीस्टार्टिंग द फोन”. ‘प्रयत्न करा’ असेल तर ‘टू’. कार्यालयीन ईमेलमध्ये हा फरक कामाचा आहे. “आय ट्राइड कॉलिंग द व्हेंडर” म्हणजे फोन करून पाहिला, पण काम झालं नाही. “आय ट्राइड टू कॉल द व्हेंडर” वाचल्यावर साहेब विचारतील, लागला नाही का?

मीनसाठीही अशी जोडी आहे. ‘मला फोन करायचा होता’: “आय मेंट टू कॉल”. ‘ही नोकरी म्हणजे चारला उठणं आलं’: “धिस जॉब मीन्स गेटिंग अप ॲट फोर”. आणि नीडपुढे वस्तू कर्ता असेल तर आयएनजी: “द कार नीड्स वॉशिंग”. “द कार नीड्स टू वॉश” लिहिलंत तर गाडी स्वतःच कपडे धुवायला बसते.

तरीही अडलं तर

क्रियापद काढा आणि नाम घाला. “लुकिंग फॉरवर्ड टू अवर मीटिंग.” “आय हॅव ॲन इंटरेस्ट इन अकाउंट्स.” पर्याय तात्पुरता असला तरी वाक्य शुद्ध होतं आणि ईमेल वेळेत जाते. एकाच वाक्यात क्रियापदांची रांग लागली असेल, ‘ही वाँटेड मी टू अव्हॉइड हॅविंग टू...’ असं काही, तर तपासण्या लावत बसू नका, वाक्य तोडून दोन करा.

कुठे थांबायचं आणि कोणाला विचारायचं

करारनामा, भाडेकरार, प्रतिज्ञापत्र: स्वतः हात लावू नका. ‘शॅल स्टॉप टू यूज’ आणि ‘शॅल स्टॉप यूजिंग’ यांत जबाबदारीच बदलते. दुसऱ्याने केलेल्या मसुद्यात चूक दिसली तरी ती परस्पर न सुधारता वकिलाला दाखवा.

व्हिसा किंवा प्रवेशासाठी कागदपत्रांचं भाषांतर: प्रमाणित भाषांतर मागितलं असेल तर अधिकृत भाषांतरकाराकडूनच. तिथे तुमची शुद्ध इंग्रजी दुरुस्तीसुद्धा मूळ कागदात केलेला बदल ठरू शकते.

शाळा-कॉलेजची परीक्षा: ‘जेरंड की पार्टिसिपल ते ओळखा’ असा प्रश्न असेल तर वरच्या तपासण्या उपयोगाच्या नाहीत. “सिंगिंग इज हर हॉबी”मधलं सिंगिंग जेरंड आणि “सिंगिंग बर्ड”मधलं पार्टिसिपल (विशेषणासारखं वापरलेलं), रूप एकच. लिहिताना या नावांनी काही अडत नाही, मार्क मात्र नावांनाच असतात. उत्तर कसं अपेक्षित आहे ते वर्गातल्या शिक्षकांना विचारा.

छापायला जाणारा मजकूर, पुस्तक, वेबसाइटचं मुख्य पान: संपादकाला पैसे देऊन दाखवा. देताना सुटं वाक्य न देता पूर्ण परिच्छेद द्या, आणि जिथे शंका आहे तिथे तुम्हाला काय म्हणायचंय ते मराठीत शेजारी लिहा. तपासणी 6 मधल्या शब्दांच्या बाबतीत नुसतं इंग्रजी वाक्य पाहून तुमच्या मनातलं काय होतं हे तपासणाऱ्यालाही कळत नाही. तो व्याकरण शुद्ध आहे असं म्हणून ते तसंच सोडून देईल.